केंद्रकाच्या दारात दत्ताशेठ

दत्तात्रेय पाटलांना खाडीकाठचा सगळा खारेपाट दत्ताशेठ म्हणतो. चार डंपर, एक जेसीबी, रस्त्याला लागून दुमजली घर आणि गावातल्या कुठल्याही कार्यात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची, असा त्यांचा पसारा. डंपर कधी गॅरेजला पडतात, पण खुर्ची कधी हलत नाही. साखरपुडा असो, सप्ताह असो की क्रिकेटचे सामने, दत्ताशेठ येईपर्यंत तिच्यावर कोणी टेकत नाही, आणि चुकून टेकलंच तर त्याला उठवायला चार जण धावतात.

अशा माणसाला चार वर्षांपूर्वी एका पोराने मांडवाच्या दारात अडवलं होतं.

झालं ते असं. खाडीपलीकडच्या गावात रामचंद्र म्हात्र्यांच्या मुलीची हळद होती. आमच्याकडे लग्न एकवेळ उरकतील, पण हळद कोणी उरकत नाही. बँजो, गाणी, मटणाची पातेली आणि अख्खा तालुका. बोलावलेले येतातच, न बोलावलेले त्यांच्याही आधी येतात. म्हणून रामचंद्रांनी आपल्या मुलाला, निकेतला, दारात उभं केलं होतं. नेमकी त्या दिवशी दत्ताशेठची गाडी दुरुस्तीला गेलेली. माणूस हौशी, स्वतःच डंपर चालवत निघाला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हाताला ग्रीस, अशा थाटात उतरून शेठ मांडवात शिरायला लागले, तोच निकेत अदबीने आडवा आला.

"कोणाकडून?"

दत्ताशेठना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारलेला नव्हता. त्यामुळे त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं. पोराने मग आपल्या परीने अंदाज बांधला आणि मांडवामागे बोट दाखवलं. "साउंडवाले ना? गाडी मागं घ्या. सामान मागच्या दारानं उतरवा."

दत्ताशेठनी गाडी मागे घेतली. इतकी मागे घेतली की ती थेट आपल्याच अंगणात येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी रामचंद्र हात जोडून घरी आले, तर त्यांना 'शेठ झोपलेत' असं सांगण्यात आलं. झोपलेले शेठ माडीच्या खिडकीत उभे होते, ते रामचंद्रांनी बघितलं आणि तेही मुकाट्याने निघून गेले.

इथेच सगळं मिटलं असतं. पण शेठची एकुलती एक मुलगी मृणाली एम. एस्सी. करायला मांडव्याहून बोटीने मुंबईला जायला लागली, आणि मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं बघून माणसं बोटीत सोडणारा तरुण निघाला निकेत म्हात्रे. दोन वर्षं तो तिचं तिकीट बघत होता. तिसऱ्या वर्षी तिने घरी येऊन सांगितलं, "बाबा, लग्न करीन तर निकेतशी. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही."

"म्हंजे अजून दारातच उभा हाय त्यो?" दत्ताशेठ एवढंच बोलले आणि ताटावरून उठले.

त्याला आता वर्ष होत आलं. मृणाली गावातल्याच शाळेला जोडलेल्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली होती. ती भांडली नाही, रडली नाही. नुसती कमी बोलायला लागली. पूर्वी ती बाबांच्या चहाबरोबर स्वतःचाही कप घेऊन ओटीवर यायची आणि कॉलेजातल्या गमती सांगायची. आता एकच कप यायचा. दत्ताशेठना हे फार लागत होतं, आणि ते कबूल करणं त्याहून जास्त लागलं असतं. त्यातच बातमी आली की रामचंद्र चैत्रानंतर मुलासाठी दुसरीकडे सोयरीक बघणार आहेत. बिचाऱ्याने वर्षभर वाट बघितली होती. शेठची बायको सखुबाई ही बातमी भाकरी थापता थापता मुद्दाम मोठ्याने सांगायची. शेठ मुद्दाम मोठ्याने टीव्ही लावायचे.

अशात विज्ञान दिन आला. कॉलेजात दरवर्षी तोच ज्वालामुखी फसफसायचा. मृणालीने यंदा ठरवलं की पोरांना पेशीच्या आत नेऊन दाखवायचं. पेशीच्या मधोमध असतं केंद्रक, त्याला असतात बारीक दारं, आणि त्या दारांतून कोण आत जातं, कोण बाहेर येतं, याचं तिने नाटुकलं बसवायला घेतलं. मैदानावर हळदीचा पिवळा मांडव उभा करून त्याचं केंद्रक केलं. आत काथ्याच्या दोन जाड दोऱ्या एकमेकींभोवती पिळून टांगल्या, तो डीएनए. मांडवाच्या तोंडाशी बचत गटाच्या आठ बायका गोल करून उभ्या केल्या, ते दार. खरं दारही असंच आठ जणांनी धरलेल्या कड्यासारखं असतं. बायकांच्या हातांत जुन्या जाळ्यांच्या झिरमिळ्या दिल्या, कारण खऱ्या दारातही धाग्यांचा असाच गुंता लोंबत असतो. या बायकांची म्होरकी होती आवडाबाई, म्हणजे दत्ताशेठची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती माहेरच्याच गावात वेगळं घर करून राहायची. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती गावातल्या सगळ्यांना मूल समजून रागवायची.

आता एक भला थोरला प्रोटीन हवा होता. मृणालीने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "बाबा, तुम्ही कराल? सगळ्यात मोठा आहे."

वर्षभरात तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. शेठनी आढेवेढे घ्यायचं ठरवलं होतं, पण तोंडातून "करीन की" निघून गेलं.

तालमीला मात्र भडका उडाला. अंगाभोवती फोमच्या गाद्या बांधून दत्ताशेठ दारापाशी आले. त्यांच्या आधी पाणी, मीठ आणि साखर झालेली पाचवीतली पोरं जाळ्यांतून सुळसुळ आतबाहेर पळत होती. शेठ त्यांच्यामागून निघाले, तर आवडाबाईने जाळं आडवं धरलं.

"कुठं निंगालास?"

"आत! मी प्रोटीन हाय!"

"असशील. नुसता जाता येत न्हाय."

शेठ तिथेच फोम सोडायला लागले. मृणाली धावत आली. "बाबा, ऐका ना. बारक्या कणांना कोणीच विचारत नाही. ते आले काय, गेले काय, दाराला पत्ता नसतो. अडवतात ते फक्त मोठ्यांना."

शेठचा हात गाठीवरच थांबला. "मोठ्यांनाच?"

"फक्त मोठ्यांना. मोठ्याच्या अंगावर एक खूण असते. ही बघा, तुमच्या गादीला पिवळी पट्टी लावलीय. ती ओळखणारा एक सोबती असतो, त्याचं नाव इंपोर्टिन. तो तुमचा हात धरतो. या जाळ्यात कसं शिरायचं ते त्याला माहीत असतं. तो तुम्हाला आत नेतो, आत गेल्यावर रान नावाचा एक जण भेटतो, तो तुमचा हात सोडवतो. मग तुम्ही आत राहायचं आणि इंपोर्टिन मोकळ्या हाताने पुन्हा बाहेर, दुसऱ्याला आणायला."

बाकीचं शेठच्या डोक्यावरून गेलं, पण पहिलं वाक्य चांगलंच मुरलं. त्या संध्याकाळी पानाच्या टपरीवर ते भेटेल त्याला सांगत होते, "पेशीत बी मोठ्यालाच आडवतात. बारक्याला कोन इचारतो?"

इंपोर्टिनचं काम खेळाच्या सरांकडे होतं. रानचं काम सखुबाईंना दिलं, कारण रान आकाराने लहान पण त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही, आणि हे वर्णन ऐकून सगळ्या बायकांनी एकसाथ सखुबाईंकडे बघितलं. शेवटच्या तालमीला सरांनी फोमसकट दत्ताशेठना जाळ्यांतून ओढलं. शेठ आत गेले आणि सरांची कंबर बाहेरच राहिली. डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर पाठीवर झोपायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम. मैदान खच्चून भरलेलं. प्रमुख पाहुण्या डॉ. मिस्बाह मुकादम, मूळच्या दिवेआगरच्या, मुंबईत पेशींवरच संशोधन करणाऱ्या. त्या बोटीने मांडव्याला उतरल्या. त्यांना तिथून गाडीने घेऊन कोण आला असेल, हे वेगळं सांगायला नको. मुख्याध्यापकांनी जेट्टीवर फोन केला, जेट्टीवाल्यांनी ज्याची सुट्टी झाली होती त्याला पाठवलं. निकेतने बाईंना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि स्वतः प्रेक्षकांच्या मंडपाच्या खांबाआड उभा राहिला.

नाटुकलं सुरू झालं. पाणी, मीठ, साखर धावली. केंद्रकातून कागदी पट्ट्या घेऊन मुली बाहेर आल्या. मृणाली माइकवर सांगत होती, की डीएनए ही मूळ प्रत, ती घराबाहेर पडत नाही. तिची नक्कल तेवढी याच दारातून बाहेर जाते, आणि तिलाही सोबती लागतोच. टाळ्या पडल्या. मग दत्ताशेठ आले. फोमच्या तीन गाद्या, छातीवर पिवळी पट्टी, तोंडावर घामाच्या धारा. टाळ्यांबरोबर शिट्ट्याही पडल्या.

ते दारापाशी आले आणि थांबले. मृणालीही थांबली. इंपोर्टिन नव्हता. सरांच्या जागी ज्या शिपायाला उभं करायचं ठरलं होतं, तो शेठचा हात धरायच्या कल्पनेनेच पसार झाला होता.

"मी एकटाच जातो," शेठ पुटपुटले.

"न्हाय जमनार," आवडाबाई म्हणाली. "शास्त्रात बसत न्हाय."

"बाय, लोक बघतात."

"बघायलाच आलेत."

दत्ताशेठनी पुढे व्हायचा प्रयत्न केला. आठ बायकांनी जाळी ताणली. शेठ मागे फेकले गेले आणि मैदानात असा हशा उठला की मृणालीचा आवाजही ऐकू येईना. शेठच्या कानशिलांत रक्त चढलं. पुन्हा मांडव, पुन्हा दार, पुन्हा आपण बाहेर. आणि या वेळी डंपरही नाही परत जायला. फोम बांधलेल्या माणसाला भर मैदानातून तावातावाने चालत निघून जाता येत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

आवडाबाईने मान उंचावून गर्दीवर नजर फिरवली. "ए जेट्टीवाल्या! खांबाआड काय उभा हायस? रोज मानसं आतभायेर सोरतोस ना? ये हिकडं, धर याचा हात."

निकेत पांढराफटक पडला. मृणालीने माइक खाली घेतला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून शेठना दिसलं. पोरगी इतकी घाबरलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. आता आपण काही बोललो तर हिचं सगळं इथेच संपेल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंडातला शब्द गिळला.

निकेत पुढे आला. त्याने शेठचा हात धरला तो असा, की तापलेला तवाच धरतोय. तळवा घामाने ओला होता. "काका," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी ओळखलं नव्हतं. खरंच सांगतो. चार वर्षं झोप नाही."

"मना बी न्हाय," शेठच्या तोंडून गेलं, आणि आपण काय बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

तेवढ्यात आवडाबाईने ठरलेला प्रश्न ठसक्यात विचारला. "कोनाला घेऊन आलास?"

तालमीत सर "प्रोटीन" म्हणायचे. निकेत मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "हे दत्तात्रेय पाटील. दत्ताशेठ. मृणालीचे बाबा."

शास्त्राप्रमाणे आता जाळी बाजूला व्हायला हवी होती. पण जोडी दारात उभी आहे, आत पिवळा मांडव आहे आणि दारात आठ बायका आहेत, म्हटल्यावर गोष्ट शास्त्राच्या हातात राहिली नाही. बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडलं, "नाव घ्या! नाव घेतल्याबिगर आत सोरनार न्हाय!"

"अगं, हे केंद्रक आहे!" मृणाली माइकवरून कळवळली.

"असू दे! दार म्हंजे दार!"

आतमध्ये सखुबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. दत्ताशेठनी सुटकेसाठी इकडेतिकडे बघितलं. फोममध्ये त्यांची पार भाजी झाली होती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं,

"केंद्रकाच्या दारात बायकांची टोली,
सखूचा नाव घेतो, फोमात माझी झाली होली."

मैदान दणाणलं. डॉ. मिस्बाह मांडीवर हात आपटून हसत होत्या. जाळी हलली, शेठनी पाय उचलला, आणि आवडाबाई आडवी आली.

"आता काय?" शेठ रडकुंडीला आले.

"आता माझा मान." आवडाबाई हसत नव्हती. "तुझ्या लग्नात दार कोनी आडवलेला?"

"तू."

"काय मागितलेला मी?"

हे काय मागतात ते मैदानातल्या पोराटोरालाही माहीत होतं. नवरानवरी घरात शिरताना नवऱ्याची बहीण दार अडवते आणि भावाला होणारी मुलगी आपल्या मुलासाठी मागते. भाऊ हो म्हणतो, सगळे हसतात, आणि सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

"पोरगी," शेठ म्हणाले.

"तू काय बोल्लेलास?"

"देतो बोल्लेलो. भूक लागलेली, बाय. सगलेच बोलतात."

"सगल्यांच्या बहिनींना पोरगे होतात." आवडाबाईचा आवाज जरा बसला. "मना झाला न्हाय. म्हनून कधी मागाया आले न्हाय. पन शब्द माझा हाय, दत्ता, त्यो काय मेला न्हाय. आज मागते. ज्यानं तुझा हात धरलाय, त्याला दे."

चार डंपर, दुमजली घर, गावभर मान. या बाईने तीस वर्षांत त्यांच्याकडे साधी साखरेची वाटीही मागितली नव्हती. आपण भुकेच्या तोंडी बोललेला शब्द ती एवढी वर्षं जपून बसली असेल, हे त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. त्यांना भरून आलं. गर्दीसमोर डोळे पुसायला हात वर न्यावा, तर एक हात फोममध्ये अडकलेला आणि दुसरा त्या पोराच्या हातात.

"देतो," ते म्हणाले. मग मोठ्याने पुन्हा म्हणाले, "दिली, बाय. सोर आता आत."

जाळी बाजूला झाली. टाळ्या, शिट्ट्या, आणि कुठूनतरी बँजोवाल्याने दोन सूरही मारून घेतले. मृणालीने एका हाताने माइक धरला होता आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. तरी ती शिक्षिका होती, आणि समोर पोरं बसली होती. तिने नाक ओढलं आणि धडा पुढे सुरू केला.

"आत आल्यावर... आत आल्यावर रान येतो आणि इंपोर्टिनला धरतो. त्याबरोबर प्रोटीनचा हात सुटतो."

सखुबाई पुढे आल्या. त्यांनी निकेतचं मनगट धरलं आणि तालमीत शिकवल्याप्रमाणे ओढलं. हात सुटेना. पुन्हा ओढलं.

"सोडा की वो त्याचा हात," त्या कुजबुजल्या.

"न्हाय सोडत."

"बाबा," मृणाली माइकवरूनच म्हणाली, "इथे इंपोर्टिन मोकळ्या हाताने परत बाहेर जातो."

"तुझ्या पेशीत जात आसंल." दत्ताशेठ घामाने निथळत होते, एक गादी सुटून पायाशी आली होती, पण हाताची पकड ढिली पडली नव्हती. "माझ्या मांडवातून कोन न जेवता जात न्हाय."

मृणालीने डॉ. मिस्बाहांकडे हताशपणे बघितलं. बाईंनी क्षणभर विचार केला. "खऱ्या पेशीत असं झालं, तर सगळा कारभार ठप्प होईल," त्या उठून म्हणाल्या. "पण इथे होऊ द्या."

निकेत मान खाली घालून उभा होता.

"वर बग," शेठ त्याला म्हणाले. "मटन खातोस ना?"

"खातो, काका."

"मंग फोन लाव तुझ्या बापाला. त्याला म्हन, शेठ जागे हायत, जेवाया या."